स्टुडंट लॉ जर्नलला लेख दिला, त्याचा रिव्ह्यू (बडोद्याहून)

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार. पैसे शून्य लागले, डोकेदुखी भरपूर झाली, आणि लेख मात्र असा निघाला की छापून आल्यावर मीच दोनदा वाचला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या लॉ युनिव्हर्सिट्यांमधून कायद्याची जी जर्नल्स निघतात त्यातली बरीचशी प्रोफेसर नाही, विद्यार्थी चालवतात. लेख मागवणं, निवडणं, नाकारणं, एडिट करणं, फुटनोटा तपासणं, छापणं, सगळं वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी करतात. आणि लेख कोणाचे, तर कधी हायकोर्टातल्या सीनियरचा, कधी त्यांना शिकवणाऱ्या सरांचाच. माझा मेव्हणा डॉक्टर आहे, त्याला सांगितलं तर त्याला चेष्टाच वाटली, कारण त्यांच्याकडे पेपर पास-नापास करायचा हक्क त्याच विषयातल्या मोठ्या लोकांचा. आमच्याकडे ही पद्धत अमेरिकेतून आली. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ साली सुरू झालं ते विद्यार्थ्यांनीच काढलं, आणि १८९० मधे, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचं असताना, त्यात वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांचा प्रायव्हसीच्या हक्कावरचा लेख छापून आला. २०१७ मधे आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजेसनी पुट्टस्वामी केसमधे प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं त्या निकालात या लेखाची चर्चा आहे. म्हणजे पोरांचं मासिक म्हणून हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचं आहे, कोलकात्याच्या एनयूजेएसचं आहे, आणि आता जवळजवळ प्रत्येक नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचं एकतरी असतंच. मी ज्यांना लेख दिला त्यांचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे, आणि ती पोरं आत्ता नोकऱ्या शोधत असतील, उगाच कशाला.

माझा लेख बडोदा संस्थानातल्या लग्नाच्या कायद्यांवर होता. मी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जास्त करून सिव्हिल आणि घटस्फोटाची कामं करतो, आणि हिंदू मॅरेज ॲक्ट १९५५ चा म्हणून सगळे घटस्फोटाचा इतिहास तिथूनच सुरू करतात याचा मला जुना राग आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मधेच आला होता. बालविवाहाला बंदी करणारा तर १९०४ चा, आणि ब्रिटिश इंडियात सारडा कायदा आला तो १९२९ ला, मधे पंचवीस वर्षं. हे बडोद्यातल्या मराठी घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं पण कागदावर दाखवायला गेलं की मारामार. मग मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसा (ती काचेच्या फरशीची आणि पुस्तकांच्या लोखंडी घोड्यांची जुनी लायब्ररी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन या, बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला महाराजांनी मुद्दाम आणलं होतं), नाहीतर एमएस युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत जा, संस्थानचं गॅझेट म्हणजे आज्ञापत्रिका, तिचे जुने अंक शोधा, आणि पानं अशी की नुसतं बोट लावलं तर कोपरा हातात येतो.

आता सर्व्हिसबद्दल. सबमिशन ईमेलवर. त्यांची गाइडलाइन्सची पीडीएफ आधी नीट वाचा, मी तुम्हाला हात जोडून सांगतो, कारण ब्लाइंड रिव्ह्यू असतो, म्हणजे वाचणाऱ्याला लेखक कोण ते कळता कामा नये. लेखावरून नाव काढणं सोपं, पण वर्डच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमधे तुमचं नाव गुपचूप बसलेलं असतं ते पण काढावं लागतं, आणि "माझ्या आधीच्या लेखात मी म्हटल्याप्रमाणे" असं काही लिहिलं असेल तर तेही. एकाच वेळी दोन जर्नल्सना लेख पाठवायचा नाही हा पण नियम. अमेरिकेत एकदम दहा-वीस ठिकाणी पाठवतात आणि एकाने घेतलं की बाकीच्यांना घाई करा म्हणून मेल टाकतात, इथे तसं केलंत तर दोन्हीकडून बाहेर.

पोचपावती त्याच दिवशी आली, तीही रात्री दीड वाजता. या पोरांचा दिवस तेव्हाच सुरू होतो बहुतेक.

पहिले कमेंट्स आले ते वाचून मला आधी राग आला आणि मग दोन दिवसांनी त्यातले निम्मे पटले. एका रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की म्हैसूर संस्थानात १८९४ मधेच बालविवाहाचा कायदा झाला होता, तर बडोद्याची त्याच्याशी तुलना का नाही. अगदी बरोबर. त्या एका वाक्यामुळे माझ्या लेखात एक पूर्ण नवीन भाग आला आणि लेखाची खरी मजा तिथेच आहे, कारण दोन्ही संस्थानांनी ब्रिटिशांच्या आधी हात घातला पण वेगवेगळ्या पद्धतीने. दुसऱ्याने मात्र विचारलं की यात फूको, तो फ्रेंच विचारवंत, का नाही. बाबा रे, मी बालविवाह लावून दंड न भरणाऱ्या बापांबद्दल लिहितोय, फूकोने काय त्यांची पावती फाडायची होती? थिअरीचा हा सोस विद्यार्थ्यांच्या जर्नल्सना जगभर आहे, अमेरिकेचे चीफ जस्टिस रॉबर्ट्स यांनी २०११ मधे जाहीर टोमणा मारला होता की लॉ रिव्ह्यू उघडावं तर पहिला लेख कांट या तत्त्वज्ञाच्या विचारांचा अठराव्या शतकातल्या बल्गेरियातल्या पुराव्याच्या कायद्यावर झालेला परिणाम असा काहीतरी असतो. मी फूको घातला नाही, का घातला नाही ते चार ओळीत सभ्य भाषेत लिहून कळवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. हे महत्त्वाचं आहे, पोरं हट्टी नव्हती. कारण दिलंत तर ऐकतात.

मग लेख दुरुस्त करून परत पाठवला आणि सगळं एकदम थंड. एक मेल टाकला, उत्तर नाही. दुसरा टाकला, ऑटो रिप्लाय. शेवटी लायब्ररीत भेटणाऱ्या एमएसच्या लॉच्या एका पोराला विचारलं, तो हसला. म्हणाला "काका, बोर्ड बदललं असेल". आणि तसंच होतं. फायनल इयरची पोरं पास होऊन गेली, नवीन कमिटी बसली, आणि जुन्यांच्या मेलमधे माझा लेख कुठेतरी पडून राहिला. नव्या कमिटीने शेवटी लिहिलं तेव्हा सुरुवातच अशी की कृपया लेखाचा गोषवारा आणि रिव्ह्यूअरच्या कमेंट्सची कॉपी पाठवा. त्यांच्याच रिव्ह्यूअरच्या! ती मी जपून ठेवली होती म्हणून वाचलो. एक स्टार कापलाय तो इथे. फॅकल्टी ॲडव्हायझर म्हणून एका सरांचं नाव असतं पहिल्या पानावर, निदान हॅण्डओव्हरची एक वही तरी त्यांनी ठेवून घ्यायला पाहिजे, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

पण यानंतर जे झालं त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितोय. फुटनोटांची तपासणी, ज्याला ते सायट चेक म्हणतात. मला वाटलेलं कॉमा-फुलस्टॉप बघतील. नाही. लेखात ज्या ज्या वाक्याला फुटनोट आहे त्याचं मूळ पान ते स्वतः उघडून बघतात, की तुम्ही म्हणताय ते तिथे खरंच लिहिलंय का, त्याच पानावर लिहिलंय का, आणि कोट केलं असेल तर शब्द न शब्द तोच आहे का. निकाल असेल तर एससीसी किंवा मनुपात्रा या निकालांच्या साइटवर जाऊन पॅरा नंबर जुळवतात. आजी परातीत तांदूळ निवडायची तशी ही पोरं एकेक ओळ निवडतात. माझ्या लेखातलं निम्मं साहित्य ऑनलाइन नव्हतंच, तर त्यांनी प्रत्येक पानाचा स्कॅन मागवला, वर पुस्तकाच्या पहिल्या पानाचा वेगळा.

हे काम एका असोसिएट एडिटर मुलीकडे होतं, थर्ड इयरची, लातूरकडची. फोनवर म्हणाली "सर, मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, म्हणून तुमचा लेख माझ्याकडे टाकलाय". तिचा पहिला प्रश्नच असा होता की मी खुर्चीत सरळ बसलो. एका गुजराती पुस्तिकेवर साल छापलं होतं संवत १९६०, मी फुटनोटमधे सरळ १९०४ लिहिलं होतं. ती म्हणाली सर, गुजरातमधे विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं ना, मग संवत १९६० म्हणजे १९०३ चे शेवटचे एक-दोन महिने पण येतात, तुमच्याकडे महिना आहे का? महिना नव्हता. मग आम्ही तिथे "१९०३-०४" केलं आणि संवत पण ठेवलं. आता सांगा, हा प्रश्न मला कोर्टात समोरच्या पार्टीच्या किती वकिलांनी विचारला असता? त्यांच्या सायटेशनच्या, म्हणजे संदर्भ कसा लिहायचा त्याच्या, नियमात संवताचा रकानाच नाही, सगळं इंग्रजी सालावर, तर तिने सीनियर एडिटरकडे भांडून ती सूट काढून आणली. सयाजी शासन शब्दकल्पतरू या १९३१ च्या आठ भाषांतल्या राज्यव्यवहाराच्या कोशालाही तसंच, एवढं मोठं नाव रोमन अक्षरात कुठे तोडायचं यावर आमचे चार मेल झाले.

सायटेशनचे नियम हा मात्र खरोखर वेडेपणा आहे. अमेरिकेत ब्लूबुक म्हणून जे आहे ते पण विद्यार्थ्यांनीच काढलेलं, १९२६ ला छोटं होतं, २६ पानांचं, आता त्याचा शेकडो पानांचा ठोकळा झालाय. आपल्याकडे काही जर्नल्स ब्लूबुक मागतात, काही ऑक्सफर्डचं ऑस्कोला, काहींनी स्वतःचं बनवलंय. माझ्या लेखात इबिड (लगेच वरचाच संदर्भ) कुठे आणि सुप्रा (आधी येऊन गेलेला) कुठे यावर जितका वेळ गेला तितक्यात मी एक लेखी जबाब तयार केला असता. आणि पुरावा मागायची सवय इतकी की बडोदा म्हणजेच आजचं वडोदरा या वाक्यावर पण कमेंट, "सोर्स प्लीज". मी बडोद्यात जन्मलो, बडोद्यात वाढलो, मी सोर्स! पण दिला, नाव १९७४ ला अधिकृतपणे बदललं त्याचा.

एक गंमत प्रूफमधे झाली. परगावच्या वाचकाला कळावं म्हणून कोणीतरी एडिटरने मांडवीवर आपल्या मनाने खुलाशाची फुटनोट टाकली, मांडवी, कच्छ जिल्ह्यातलं बंदर. आमच्या चार दरवाजाच्या मधली मांडवी एकदम समुद्रावर नेऊन ठेवली. घरी वाचून दाखवलं तर आई म्हणाली "बरं झालं, मासे ताजे मिळतील". मेल केला, पंधरा मिनिटांत माफी आणि दुरुस्ती. तर प्रूफ आलं की जांभया देत बघू नका, ज्या ओळी तुम्ही लिहिलेल्याच नाहीत त्या आधी शोधा.

भाषेच्या बाबतीत मला ही मंडळी आवडली नाहीत. मी इंग्रजी साधं लिहितो, छोटी वाक्यं. त्यांनी ट्रॅक चेंजेस लावून माझी तीन वाक्यं जोडून एक करायची, वर "इट इज सबमिटेड दॅट" चिकटवायचं, आणि जिथे मी ठाम बोललो तिथे "आर्ग्युएबली" घालून मला घाबरट करायचं. अशा बदलांवर सरळ रिजेक्टचं बटण दाबा. बहुतेक ठिकाणी त्यांनी वाद घातला नाही. मला वाटतं त्यांनाही कोणीतरी सांगितलेलं असतं की जड लिहिलं म्हणजे विद्वान दिसतं, आणि ते सांगणारे बहुधा आमच्याच पिढीचे.

लोक विचारतात की पोरांना यात काय मिळतं. पैसे नाहीतच. बोर्डावर घ्यायला परीक्षा असते, एक चुका भरलेलं पान देतात ते दुरुस्त करायचं, एखाद्या लेखावर टीका लिहायची, मग मुलाखत. एकदा आत गेलं की सीव्हीवर एक ओळ वाढते आणि मोठ्या लॉ फर्म्स ती ओळ बघतात. ओबामा १९९० मधे हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचे पहिले कृष्णवर्णीय प्रेसिडेंट झाले तेव्हा तीही बातमी झाली होती, इतकं त्या खुर्चीचं वजन. सीव्हीसाठी करतात म्हणून नाक मुरडणारे आमच्या बाररूममधे आहेत. मी त्यांना विचारतो, आपण वकालतनामा काय पुण्यासाठी भरतो का? ज्या मुलीने संवत पकडलं तिला फर्ममधे नोकरी लागली तर मला आनंदच आहे.

आता याची तुलना दुसऱ्या बाजाराशी करा. व्हॉट्सॲपवर रोज येतात ते मेसेज, तीन दिवसांत पब्लिकेशन, फी भरा, ई-सर्टिफिकेट मोफत, को-ऑथरला डिस्काउंट. आमच्या ओळखीच्या एका लेक्चररने प्रमोशनच्या नादात असाच एक छापून घेतला, शुक्रवारी पाठवला सोमवारी छापला, कोणी वाचला नाही, छापणाऱ्याने पण नाही, कारण पहिल्या पानावर जर्नलचं स्वतःचं नाव चुकलेलं. यूजीसीने २०१८ मधे आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली होती ती याच कारणांसाठी, मग २०१९ ला केअर लिस्ट म्हणून मान्य जर्नल्सची नवी यादी आणली, ती पण २०२५ मधे बंद केली आणि आता कुठलं जर्नल चांगलं ते कॉलेजांनी आपापलं ठरवावं असं चाललंय. माझी परीक्षा सोपी आहे, पैसे मागितले की मेल बंद. आणि कमेंट्स न येता थेट ॲक्सेप्टन्स आला तरी बंद.

कोणाला सूट होईल? ज्यांना लेख पुढच्या महिन्यात छापून पाहिजे त्यांनी या वाटेला जाऊच नका, माझा यायला वर्षाच्या वर लागलं. निकालावरची ताजी टिपणी असेल तर या जर्नल्सचे ब्लॉग असतात तिथे द्या, ते पटकन होतं. पण ज्या तरुण वकिलांकडे जिल्हा कोर्टातला काही खरा माल आहे, जुने दस्त, वहिवाट, संस्थानी कायदे, ज्याची या पोरांना अजिबात कल्पना नसते, त्यांनी जरूर पाठवा. त्यांना कोर्टातलं कळत नाही हे खरंय, मला एकाने विचारलं होतं की समन्स बजावायला इतके महिने का लागतात याला काही आर्टिकल सायट करता येईल का. येईल की, बेलीफला सायट कर. पण न कळणारा वाचक असला की आपल्याला सगळं नीट सोडवून लिहावं लागतं, तेवढा लेख सुधारतोच.

पाठवायची वेळ सांभाळा. एंडसेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेच्या, तोंडावर, नोव्हेंबर आणि एप्रिल-मेमधे, पाठवू नका, कोणी बघत नाही. नवीन कमिटी बसते तेव्हा पोरांना हुरूप असतो, त्यांचा अंक चांगला निघायला पाहिजे म्हणून धडपडतात. सगळे मेल एकाच थ्रेडमधे ठेवा, विषय बदलू नका, म्हणजे बोर्ड बदललं तरी नव्यांना खाली स्क्रोल करून सापडतं. स्कॅन घेताना पान नंबर कापला जाणार नाही असं बघा, नाहीतर परत मांडवीच्या जिन्यावर चढावं लागतं. मूळ मराठी-गुजराती उतारा इंग्रजी भाषांतराच्या खाली फुटनोटमधे द्या, त्यांच्याकडे वाचणारा कोणी असला तर तपासेल, नसला तर पुढे कोणीतरी तपासेल. आणि एडिटरला फोन करायचा असेल तर आधी मेलवर वेळ विचारा, मी सकाळी नऊला केला होता, पोरगी झोपेत "हो सर, हो सर" करत होती.

छापील प्रत कुरिअरने येणार होती ती अजून आली नाही, पीडीएफ आहे, विचारलं तर दोन दिवसांत असं उत्तर येतं. पुढचा लेख १९०६ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यावर अर्धा झालाय, पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांच्या दंडाचं काय झालं त्यावर, आणि तोही यांनाच पाठवणार आहे. यावेळी संवत महिन्यासकट लिहिलंय.